रक्तदाब, रोलरकोस्टर आणि दारावरची पाटी

डिसेंबर-जानेवारी हे शाळांच्या सहलींचे दिवस. किल्ला, लेणी, धरण, साखर कारखाना या ठरलेल्या ठिकाणांच्या जोडीला गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मनोरंजन उद्यानांची भर पडली आहे. गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले आणि २०२२ मध्ये बंद झाले. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. अशा उद्यानांतल्या मोठ्या रोलरकोस्टरच्या दाराशी एक पाटी असते. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मानेचे किंवा पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी यात बसू नये, असे तिच्यावर लिहिलेले असते. मुले ती वाचत नाहीत आणि बहुतेकांना ती लागूही नसते. ती लागू असते मुलांबरोबर आलेल्या पंचेचाळीस-पन्नाशीच्या सरांना आणि बाईंना. पिशवीत रक्तदाबाची गोळी, भोवती पोरांचा घोळका, "सर, चला ना!" असा आग्रह आणि मनात एक विचार, की ही पाटी मालकांनी स्वतःच्या बचावासाठी लावलेली असणार, ती एवढी मनावर घ्यायला नको.

पाटी ढोबळ आहे हे खरे. रोज गोळी घेऊन १२८/८० वर असलेले गृहस्थ आणि १८०/११० घेऊन काहीच माहीत नसल्यामुळे निर्धास्त फिरणारे गृहस्थ, दोघांनाही ती एकाच शब्दात अडवते. पण ती निरर्थक नाही. रोलरकोस्टरमधली कोणती गोष्ट रक्तवाहिन्यांवर खरोखर ताण आणते हे एकदा कळले, की पाटी कोणासाठी किती गंभीर आहे तेही कळते. गंमत म्हणजे आपल्याला ज्याची भीती वाटते ते उलटे होणे, गरगरणे आणि वेग यांचा यातला वाटा अपेक्षेपेक्षा लहान आहे.

रक्ताचा स्तंभ

रक्तदाब म्हणजे काय हे उंचीच्या भाषेत चांगले समजते. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने १७३३ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने एका घोडीला आडवे बांधून तिच्या मांडीच्या धमनीत पितळेची नळी बसवली आणि तिला नऊ फूट लांबीची काचेची नळी उभी जोडली. नळीत रक्त ८ फूट ३ इंच चढले. पाऱ्याच्या मापात हा दाब सुमारे १९० मिलिमीटर होतो. बांधून घातलेल्या आणि घाबरलेल्या जनावराचा हा दाब आहे हे लक्षात ठेवावे. भीतीचा मुद्दा पुढे येणारच आहे.

माणसाचा रक्तदाब १२०/८० असेल, तर सरासरी दाब या दोन आकड्यांच्या बरोबर मध्ये नसतो. हृदय आकुंचनापेक्षा विश्रांतीत अधिक वेळ असते, म्हणून सरासरी खालच्या आकड्याकडे झुकते. ८० मध्ये फरकाचा तिसरा हिस्सा मिळवला की ९३ हे उत्तर येते. पारा पाण्याच्या १३.६ पट जड आणि रक्त पाण्याहून थोडेसेच जड. तेव्हा ९३ मिलिमीटर पाऱ्याचा दाब म्हणजे सुमारे १२० सेंटिमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ. बसलेल्या माणसाचा मेंदू हृदयापासून सुमारे ३० सेंटिमीटर वर असतो. एवढी चढण चढण्यात २३ मिलिमीटर खर्च होतात आणि मेंदूपाशी ७० उरतात. पावलांकडे याच्या उलट होते, तिथे दाब वाढतो.

आता पाळणा खोलगट भागातून वेगाने वर वळतो तेव्हा काय होते ते पाहू. अंग सीटवर दाबले जाते, हात उचलायला जड वाटतो. आपले वजन चौपट भासले तर त्याला ४ जी म्हणतात. (या 'जी'चा मोबाइलच्या 'जी'शी काही संबंध नाही, हा गुरुत्व त्वरणाचा 'जी'.) वजन चौपट झाले ते रक्ताचेही झाले. ३० सेंटिमीटरची चढण चढायला आता २३ नव्हे, ९२ मिलिमीटर लागतात. ९३ मधून ९२ गेले, मेंदूपाशी जवळजवळ काहीच उरले नाही. डोळ्याच्या आत स्वतःचा सुमारे १५ मिलिमीटरचा दाब असतो, त्यामुळे आधी दृष्टी धूसर होते आणि मग शुद्ध हरपते. लढाऊ वैमानिकांना हा अनुभव नेहमीचा आहे. मग रोलरकोस्टरमधले सगळे बेशुद्ध का पडत नाहीत? कारण ४ जी तिथे एखाद-दुसरा सेकंदच टिकतो, आणि रक्तपुरवठा थांबला तरी मेंदूकडे चार-पाच सेकंद पुरेल एवढा प्राणवायू शिल्लक असतो. म्हणून अशा पाळण्याची आखणी करताना जीचा आकडा आणि तो टिकण्याचा वेळ, दोन्ही बघावे लागतात.

वर्तुळाकार फेऱ्याचे गणित अकरावी-बारावीच्या मुलांना अवश्य करायला द्यावे. माथ्यावर गाडी जेमतेम रुळाला चिकटून राहील एवढाच वेग ठेवला, तरी तळाशी वेगाचा वर्ग माथ्यावरच्या पाचपट होतो आणि बसणाऱ्याला तिथे ६ जी भासतो. त्रिज्या कितीही घेतली तरी उत्तर तेच येते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथे १८९५ साली असा पूर्ण गोल फेरा उभारला होता. लोकांच्या मानांना त्यात हिसके बसत. तो फार वर्षे चालला नाही. यातून नीट वाट निघाली ती १९७६ साली, कॅलिफोर्नियातल्या 'रिव्होल्यूशन' या पाळण्यात. वेर्नर स्टेंगेल या जर्मन अभियंत्याने तिथे फेऱ्याला अश्रूच्या थेंबासारखा आकार दिला. तळाशी वक्रता थोडी, माथ्यावर जास्त, त्यामुळे तळाचा जी आटोक्यात राहतो. आजचे मोठे फेरे याच धर्तीचे आहेत.

उलटे होण्याविषयीचा गैरसमजही इथेच दूर करू. फेऱ्याच्या माथ्यावर डोके जमिनीकडे असते, पण अंग सीटवरच दाबलेले असते, जोराने फिरवलेल्या बादलीतले पाणी सांडत नाही तसेच. रक्ताच्या दृष्टीने 'खाली' म्हणजे अजूनही पायांकडेच, डोक्याकडे नाही. रक्त डोक्याकडे जाते ते टेकडीच्या माथ्यावरून गाडी झपकन खाली जाताना, अंग सीटवरून उचलले जाते त्या क्षणी. तळाजवळ भोक पाडलेली प्लॅस्टिकची बाटली पाण्याने भरून, झाकण उघडे ठेवून, गच्चीवरून सोडून पाहा. पडत असताना भोकातून पाणी येणे बंद होते, कारण पडणाऱ्या स्तंभाला दाब नसतो. मोकळ्या पडण्यात आपल्या शरीरातही डोके, हृदय आणि पाय यांच्यातला दाबाचा फरक क्षणभर नाहीसा होतो. त्याहीपुढे जाऊन वजाबाकीतला १ जी भासला, तर डोक्यातला दाब शीर्षासनात होतो तेवढा, म्हणजे हृदयापाशी असतो त्याहून सुमारे २३ मिलिमीटरने जास्त होतो. उच्च रक्तदाबाच्या माणसाला योगशिक्षक शीर्षासन करू देत नाहीत ते उगाच नाही. परंतु शीर्षासन काही मिनिटे चालते, तर इथे सगळे सेकंदाच्या आसपास आटोपते.

एवढ्यावरून कोणी चतुर विद्यार्थी म्हणेल, की ज्याचा दाब मुळात जास्त आहे त्याला ४ जी सोसायला सोपे जाईल. १६०/१०० वाल्याचा सरासरी दाब १२०. त्यातून ९२ गेले तरी २८ उरतात. गणित बरोबर आहे, पण शरीर या गणिताप्रमाणे वागत नाही. मेंदूतल्या बारीक धमन्या दाबाप्रमाणे आकुंचन-प्रसरण पावून रक्तपुरवठा स्थिर राखतात. निरोगी माणसात सरासरी दाब ६० च्या आसपास उतरेपर्यंत त्यांना हे जमते. वर्षानुवर्षे जास्त दाबाची सवय झालेल्या धमन्या जाड होतात आणि ही खालची मर्यादा वर सरकते. कोपनहेगनच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात हे दाखवून दिले. म्हणजे ज्या दाबावर तरुणाचा मेंदू बिनतक्रार चालतो, त्याच दाबावर जुन्या रक्तदाबाच्या माणसाला घेरी येते. शिवाय मानेतल्या धमन्यांजवळ दाबाची खबर ठेवणारे जे संवेदक असतात, त्यांना सुधारणा घडवून आणायला काही सेकंद लागतात. रोलरकोस्टर तेवढ्यात वजाहून अधिकावर आणि अधिकाहून वजावर दोनदा जाऊन आलेला असतो.

भीतीचा हिशेब

खरा भार पडतो तो हृदयावर, आणि तो टाकते भीती. ग्लासगो येथे १९८८ साली उद्यान महोत्सव भरला होता, त्यात एक रोलरकोस्टर होता. तिथल्या डॉक्टरांनी स्वयंसेवकांच्या छातीला नोंदयंत्रे लावून त्यांना त्यात बसवले. नाडीचे ठोके सरासरी ७० वरून १५० च्या वर गेले. हे निष्कर्ष १९८९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापले. पुढे जर्मनीत मानहाइमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी हासलोख येथील एका उंच आणि ताशी सुमारे १२० किलोमीटर वेगाच्या रोलरकोस्टरवर ५५ जणांची तपासणी केली. त्यांचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथेही ठोके सुमारे ९० वरून दीडशेच्या पुढे गेले. काहींच्या ठोक्यांची लय थोडा वेळ बिघडली. एकाला हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे कंपन झाले, एकाला खालच्या कप्प्यातून निघालेल्या जलद ठोक्यांची छोटी मालिका आली. ही सगळी माणसे निरोगी होती आणि बहुतेक तरुण होती. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी अशा पाळण्यात बसू नये, असा सल्ला या तज्ज्ञांनी दिला.

जिना धावत चढलो तरी नाडी दीडशेवर जाते, मग फरक काय? फरक दोन गोष्टींत आहे. जिना चढताना नाडी पायरीपायरीने वाढते, आणि काम करणाऱ्या स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या उघडतात, त्यामुळे वाढलेल्या रक्ताला वाट मिळते. पाळण्यात माणूस बसलेला असतो. अॅड्रेनॅलिन काही सेकंदांत हृदयाला दौडत नेते, त्वचेतल्या आणि आतड्यांतल्या वाहिन्या आवळते आणि पळायला मात्र जागा नसते. पंप जोरात आणि नळ अर्धे बंद, अशी ही अवस्था. ज्याचा दाब १२० आहे त्याला तात्पुरत्या ४० च्या वाढीने काही होत नाही. १७० वाल्याला समजा तेवढीच वाढ झाली, तर तो २१० वर जातो.

त्यात आपण स्वतः भर घालतो. खाली कोसळताना बहुतेक लोक दांडा घट्ट आवळतात, दात खातात आणि श्वास कोंडून धरतात. जड वजन उचलणाऱ्यांवर १९८५ साली कॅनडात जे मोजमाप झाले, त्यात दाब सरासरी ३२०/२५० पर्यंत चढलेला आढळला होता. एका पठ्ठ्याचा तर ४८०/३५०! पाळण्यात इतका जोर कोणी लावत नाही, पण श्वास कोंडून कुंथण्याची क्रिया तीच आहे.

मग प्रश्न येतो वाहिन्यांचा. दाबाचे क्षणिक उसळणे निरोगी धमनी सहज पचवते. अनेक वर्षे जास्त दाब सोसलेल्या मेंदूतल्या बारीक धमन्यांच्या भिंती ठिसूळ झालेल्या असतात, क्वचित एखाद्या ठिकाणी फुगा आलेला असतो. सायकलच्या ट्यूबला आलेला फुगा फुटतो तो तिथेच का फुटतो, याचे उत्तर लाप्लासच्या नियमात आहे. दाब तोच असला तरी त्रिज्या जितकी मोठी तितका भिंतीवरचा ताण जास्त. म्हणजे आजचा आकडा किती, याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे, की गेली दहा वर्षे आकडा किती होता?

अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळातल्या रोलरकोस्टरशी संबंधित मृत्यूंचा अभ्यास झाला आहे. एकूण ४० मृत्यू, त्यांपैकी २९ पाळण्यात बसलेल्यांचे. कोट्यवधी फेऱ्यांच्या मानाने हा आकडा अगदी लहान आहे आणि ते आधीच सांगितले पाहिजे. सहलीला जाताना रस्त्यावरचा धोका याहून कितीतरी मोठा. पण या २९ ची फोड पाहण्यासारखी आहे. पडून किंवा आदळून गेलेले ११. शरीरातल्या बिघाडाने गेलेले १८, आणि त्यांतले १५ मेंदूतल्या रक्तस्रावाने किंवा हृदयाच्या कारणाने. आपण पट्टा आणि दांडा ओढून ओढून तपासतो, तेही बरोबरच आहे, पण शरीर तपासत नाही.

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या एपकॉट उद्यानात 'मिशन स्पेस' नावाची राईड २००३ मध्ये सुरू झाली. हा रोलरकोस्टर नव्हे. अंतराळयानाचा अनुभव देण्यासाठी गोल फिरवून २ जीच्या वर नेणारे ते यंत्र आहे. एप्रिल २००६ मध्ये ४९ वर्षांची एक जर्मन पर्यटक स्त्री त्यात बसल्यानंतर आजारी पडली आणि दगावली. शवविच्छेदनात मेंदूतला रक्तस्राव आढळला आणि दीर्घकाळच्या तीव्र उच्च रक्तदाबाच्या खुणाही आढळल्या. पुढच्याच महिन्यात तिथे न फिरणारी, सौम्य अशी दुसरी राईड उपलब्ध करून देण्यात आली. उच्च रक्तदाबवाल्यांसाठी इशारा दाराशी होताच. पण ज्याला आपला रक्तदाब माहीत नाही, त्याला तो इशारा आपल्यासाठी आहे हे कळणार कसे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उच्च रक्तदाब असलेले प्रौढ जगात सव्वाशे कोटींहून अधिक आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना त्याचा पत्ता नाही.

मग बसावे की नाही?

आमचे मत असे. सहलीच्या निदान आठवडाभर आधी रक्तदाब मोजावा. उद्यानाच्या दारात मोजून उपयोग नाही. पाच मिनिटे शांत बसून, हाताला हृदयाच्या पातळीवर आधार देऊन, सकाळ-संध्याकाळ मोजावा. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबता राहिला तरी आकडा सात-आठने वाढतो, रक्तस्तंभाचेच गणित. बरेच दिवस गोळ्या नीट चालू आहेत, आकडा १४०/९० च्या खाली आहे, भरभर चालल्यावर किंवा तीन जिने चढल्यावर छातीत दुखत नाही, मूत्रपिंड, डोळे, हृदय यांवर परिणाम झालेला नाही, अशा माणसाने आपल्या डॉक्टरांना विचारावे. ते हो म्हणाले तर लहान, फेरा नसलेल्या पाळण्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. मात्र पाटीवर सरसकट मनाई असेल किंवा तिथले कर्मचारी नाही म्हणाले, तर हुज्जत घालू नये. दाब आटोक्यात नाही, पूर्वी पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, धमनीला फुगा आहे, रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत, अशांनी खाली थांबून पोरांच्या पिशव्या सांभाळाव्यात. १८०/११० आकडा आला तर पाळणा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे.

औषधांविषयी एक-दोन गोष्टी. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या नाडीला वर जाऊ देत नाहीत, म्हणून धैर्य वाढवण्यासाठी जादा गोळी घेणारे महाभाग असतात. असे करू नये. नेहमीची गोळी नेहमीच्या वेळी, एवढेच. लघवी वाढवणाऱ्या किंवा वाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जीच्या झटक्यानंतर घेरी लवकर येते, तेव्हा पाळणा थांबल्यावर ताडकन उठू नये आणि रांगेत उन्हात उभे असताना पाणी पीत राहावे. सर्दीच्या काही गोळ्यांत नाक मोकळे करणारे जे औषध असते ते रक्तवाहिन्या आवळते. त्या दिवशी ती टाळावी. भरपेट जेवण, लागोपाठ चहा आणि तंबाखू हेही नकोच.

बसल्यावर डोके मागच्या आधाराला टेकवावे, दांडा धरावा पण आवळू नये आणि श्वास चालू ठेवावा. मुले ओरडतात ते पाहून आपल्याला हसू येते, पण ओरडताना श्वास बाहेर पडत असतो, कोंडलेला नसतो. एक फेरी झाल्यावर लगेच दुसरीसाठी रांगेत उभे न राहता नाडी पूर्ववत होईपर्यंत बसावे. बरोबरच्या विद्यार्थ्यांना मनगटावर बोट ठेवून आपली आणि मित्राची नाडी फेरीआधी आणि फेरीनंतर मोजायला सांगावे. रांगेत उभे असतानाच ती वाढलेली बहुतेकांना आढळेल.

फेरीनंतर थोडे गरगरणे किंवा मळमळणे दहा-पंधरा मिनिटांत जाते. पण अचानक उठलेली, पूर्वी कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, छातीत दाब, किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ यांपैकी काहीही झाले, तर चक्कर आली असेल म्हणून बाकावर निजवून ठेवू नये. मेंदूत रक्तस्राव असेल तर अॅस्पिरिनने तो वाढतो, म्हणून डोकेदुखीला ती देऊ नये. उद्यानातल्या प्रथमोपचार केंद्राला कळवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते कागदावर लिहून बरोबर द्यावे. डोकेदुखी काही दिवसांनी सुरू झाली किंवा वाढत गेली, तरी डॉक्टरांना पाळण्यात बसल्याचे आवर्जून सांगावे. कवटीच्या आत हळूहळू साठणारा रक्तस्राव कधी कधी उशिरा लक्षात येतो, आणि रोलरकोस्टरनंतर तो झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.